माउंट फेदरटॉपचा मुक्कामी फेरा: नियोजन कसे करावे

माउंट फेदरटॉपची उंची १,९२२ मीटर. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात त्याहून उंच फक्त माउंट बोगॉन्ग, १,९८६ मीटर. कळसूबाईच्या १,६४६ मीटरशी तुलना केली तर फरक फार वाटत नाही, आणि सह्याद्रीत पाय घडलेले ट्रेकर इथेच फसतात. हॅरिएटव्हिल गाव जेमतेम पाचशे मीटरवर आहे. तिथून शिखरापर्यंत जवळजवळ चौदाशे मीटर सलग चढायचं, तेही तंबू, स्लीपिंग बॅग, अन्न आणि पाणी पाठीवर घेऊन. वाटेत वस्ती नाही, पिठलं-भाकरी करून देणारं घर नाही, गडावरचं टाकं नाही. जे लागेल ते आपल्या सॅकमध्ये.

तरीही ऑस्ट्रेलियात एकच मुक्कामी डोंगरफेरा करायचा असेल, तर मी याच वाटेचं नाव सुचवेन. हॅरिएटव्हिलहून बंगलो स्परच्या सोंडेने चढायचं, फेडरेशन हट या आसऱ्याच्या झोपडीजवळ मुक्काम करायचा, शिखर गाठायचं, रेझरबॅकच्या उघड्या धारेवरून दक्षिणेला जायचं आणि बॉन अकॉर्ड स्परने परत हॅरिएटव्हिलला उतरायचं. एकूण ३५ ते ३८ किमी. गाडी कुठे लावता आणि दोन्ही वाटांच्या तोंडांमधलं गावातलं अंतर धरता की नाही, त्यावर आकडा बदलतो.

आधी ठरवा: परत कुठून फिरायचं

फेऱ्याच्या ट्रेकमध्ये एक फसवं आकर्षण असतं. अर्धं अंतर गेलं की "आता मागे जाणं आणि पुढे जाणं सारखंच" असं वाटू लागतं. इथे ते सारखं नसतं. मागची बंगलो स्परची वाट झाडीतून जाते आणि वाऱ्यापासून आडोसा देते. पुढची रेझरबॅकची धार कित्येक किलोमीटर उघडी आहे. म्हणून माझ्या मते या ट्रेकचं खरं नियोजन म्हणजे माघारीच्या जागा आणि अटी घरी बसून, नकाशा समोर ठेवून ठरवणं. वर गेल्यावर थकलेलं मन आणि जमलेला ग्रुप दोघंही पुढेच ढकलतात.

दोन जागा महत्त्वाच्या. पहिली फेडरेशन हट. दुसऱ्या दिवशी सकाळी धार ढगात असेल, वारा उभं राहू देत नसेल किंवा गडगडाट ऐकू येत असेल, तर बंगलो स्परनेच खाली उतरायचं; चर्चा नाही. दुसरी जागा रेझरबॅकवर बॉन अकॉर्डची वाट फुटते ती. तिथे कुणाचे गुडघे बोलायला लागले असतील किंवा दिवस कमी उरला असेल, तर उतरण न घेता धारेनेच पुढे ग्रेट अल्पाइन रोडवरच्या डायमंटिना हटपर्यंत जाता येतं. त्यासाठी कुणीतरी गाडी घेऊन वर यायला हवं, आणि घाटरस्त्याने हॅरिएटव्हिल बरंच दूर आहे. ती सोयही आधीच करून ठेवा.

अटी कागदावर लिहा: "सकाळी अमुक वाजेपर्यंत हट सोडली नाही तर आल्या वाटेने परत." ग्रुपमधल्या प्रत्येकाला त्या माहीत असू द्या. एकाला जरी पुढे जायचं नसेल तरी सगळे परततील, हेही तेव्हाच मान्य करून घ्या.

हंगाम निवडा

ऋतू उलटे आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचे परिणाम मात्र लक्षात येत नाहीत. जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत इथे बर्फ असतो. त्या काळात फेदरटॉपच्या माथ्यावर कड्याच्या बाहेर झुकलेले बर्फाचे छज्जे तयार होतात आणि उतार घट्ट गोठून काचेसारखा होतो. क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाला लावायचे खिळे) आणि आइस अ‍ॅक्स चालवण्याचं रीतसर शिक्षण नसेल तर हिवाळ्यात हा ट्रेक करू नका. अनुभवी माणसांनीही या डोंगरावर जीव गमावले आहेत.

नोव्हेंबर ते एप्रिल हा चालण्याचा काळ. डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत धारेवर रानफुलं असतात, पण तोच उन्हाचा आणि वणव्याचा काळ. मला मार्च आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा सगळ्यात योग्य वाटतो: हवा बऱ्यापैकी स्थिर, उष्णता उतरलेली. एक अडचण आहे. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि सूर्यास्त एकदम सहाच्या आसपास येतो. ईस्टरच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी त्या वर्षीचं ईस्टर या रविवारच्या आधी येतं की नंतर, हे पाहूनच वेळा आखाव्यात. आणि महिना कोणताही असो, या उंचीवर बर्फ पडू शकतो. भर उन्हाळ्यातही उबदार जॅकेट आणि पावसाचं जाकीट सॅकमध्ये हवंच.

वणव्याचा अंदाज पाहा

सह्याद्रीत आपण पाऊस बघून ट्रेक ठरवतो, इथे आग बघून ठरवायचा. २००३ च्या वणव्यात जुनी फेडरेशन हट जळाली. आजची नंतर बांधलेली आहे. २०१३ मध्ये हॅरिएटव्हिलच्या परिसरात पुन्हा मोठा वणवा झाला. बंगलो स्पर हे नाव ज्या बंगल्यावरून पडलं, तोही १९३९ च्या वणव्यात गेला.

निघण्याच्या आठवडाभर आधीपासून तीन गोष्टी रोज बघा: हवामान खात्याचा अल्पाइन भागाचा अंदाज, आपत्तीच्या सूचना देणारं व्हिकइमर्जन्सी अ‍ॅप, आणि पार्क्स व्हिक्टोरियाच्या संकेतस्थळावर वाट बंद असल्याची सूचना. हा भाग 'नॉर्थ ईस्ट' अग्निजिल्ह्यात मोडतो. 'टोटल फायर बॅन', म्हणजे आग पेटवण्यावर पूर्ण बंदी, जाहीर झाला तर राष्ट्रीय उद्यानात गॅसचा स्टोव्हही पेटवता येत नाही. त्यामुळे एका दिवसाचं न शिजवता खाता येईल असं अन्न नेहमी जवळ ठेवा. धोका 'कॅटास्ट्रॉफिक' पातळीवर गेला तर उद्यानच बंद होतं. त्याच्या खालच्या 'एक्स्ट्रीम' पातळीलाही मी जाणार नाही: सोंडेवर अडकलात तर पळायला वाट एकच असते, आणि आग चढावर जास्त वेगाने धावते.

वेळेचा हिशेब मांडा

डोंगरात चालायला लागणारा वेळ काढण्याचा नेस्मिथचा जुना नियम सोपा आहे: दर ५ किमीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास.

पहिला दिवस: हॅरिएटव्हिल ते फेडरेशन हट सुमारे ९ किमी आणि बाराशे मीटर चढ. नियमाने पावणेचार-चार तास येतात. पण तो नियम हलक्या पाठीच्या, ताज्या माणसाचा. मुक्कामाची सॅक आणि विश्रांती धरून साडेपाच ते सहा तास लावा. चढ लांब असला तरी वाट वळणं घेत, बेताच्या उताराने जाते. तालात चालत राहिलात तर त्रास होत नाही.

दुसरा दिवस: रेझरबॅकवर सुमारे ८ किमी आणि बॉन अकॉर्डची उतरण १२ किमीच्या आसपास. नियम सांगेल पाच तास. मी सात ते आठ धरेन. धारेवरची वाट सारखी खालीवर होते आणि बॉन अकॉर्डची उतरण लांब, उभी आणि ठिकठिकाणी घसाऱ्याची आहे. ट्रेकिंग काठ्या इथे खरोखर उपयोगी पडतात. सकाळी आठच्या आत हट सोडायचीच.

शिखर कधी करायचं? हटपासून जाऊन-येऊन साधारण दीड-दोन तास लागतात. सूर्योदय वरून बघायचा मोह सगळ्यांना होतो, पण पहिल्या दिवशी दुपारी आकाश मोकळं असेल तर तंबू लावा, चहा घ्या आणि लगेच जाऊन या. इथला उद्याचा दिवस हातात धरून ठेवता येत नाही. पहाटेही मोकळं मिळालं तर पुन्हा जा, कुणी अडवत नाही.

पाणी

रेझरबॅकवर पाणी नाही. हे वाक्य नकाशावर लिहून ठेवा. फेडरेशन हटला पावसाच्या पाण्याची टाकी आहे, पण उन्हाळ्याच्या शेवटी ती रिकामी असू शकते, आणि भरलेली असली तरी पाणी उकळून किंवा गाळून घ्यायचं. हॅरिएटव्हिलहून निघतानाच माणशी चार लिटर घ्या. टाकी रिकामी निघाली आणि तुमच्याकडे दोन लिटरपेक्षा कमी उरलं असेल, तर दुसऱ्या दिवशी धारेवर जायचं नाही. ही माघारीची तिसरी अट.

सॅक भरा

हट ही संकटातल्या आसऱ्यासाठी आहे, मुक्कामाची खोली नव्हे. तंबू हवाच, आणि तो वाऱ्यात टिकणारा हवा. स्लीपिंग बॅग शून्य अंशाला आरामदायक, एप्रिलमध्ये उणे पाचची. जागा निवडताना डोक्यावर बघा: जुन्या वणव्यांत जळालेली, वाळून उभी राहिलेली झाडं आणि स्नो गम या निलगिरीच्या जातीच्या झाडांच्या मोडक्या फांद्या वाऱ्यात पडतात. शेकोटीचा विचार सोडून द्या, गॅसचा छोटा स्टोव्ह पुरतो.

जेवणाला आपल्याकडच्या वस्तू उत्तम: उपम्याचं किंवा पोह्याचं कोरडं मिश्रण, मेतकूट-भात, ठेपले, दाण्याची चटणी, चिक्की, लाडू. ठेपले आणि लाडू फायर बॅनच्या दिवशीही चालतात.

भारतातून येणाऱ्यांसाठी: विमानतळावर खाण्याचे पदार्थ घोषित करा, आणि बूट मातीचा कणही न ठेवता धुऊन आणा, तेही घोषित करा. सह्याद्रीची लाल माती लागलेल्या बुटांवर जैवसुरक्षा अधिकारी थांबवणारच. गॅसची कुपी विमानात नेता येत नाही, ती मेलबर्नला विकत घ्या.

साप आहेत: टायगर स्नेक आणि कॉपरहेड. लांब पँट आणि गेटर (बुटावरून पोटरीपर्यंतचं आवरण) घाला, माणशी दोन रुंद लवचिक बँडेज ठेवा. इथला प्रथमोपचार आपल्याकडच्या शिकवणुकीपेक्षा वेगळा आहे. घोणस, फुरसं यांच्या दंशात घट्ट बांधणं टाळायला सांगतात, कारण त्यांचं विष चावलेल्या जागचं मांसही सडवतं. ऑस्ट्रेलियातल्या या सापांचं विष शरीरभर पसरून घात करतं. म्हणून चावलेली जागा न धुता, न कापता संपूर्ण हात किंवा पाय दाबून बांधायचा, काठीने स्थिर करायचा आणि त्या माणसाला एक पाऊलही चालवायचं नाही. मदत त्याच्याकडे आणायची.

ती मदत बोलवायला फोनवर विसंबू नका. धारेवर नेटवर्क कधी मिळतं, सोंडेवर आणि दरीत बहुतेक नसतं. ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे उपग्रहाला संकटसंदेश देणारं छोटं यंत्र, विकत किंवा भाड्याने घ्या. त्याची नोंदणी एएमएसए या सरकारी संस्थेकडे मोफत होते. फोन लागलाच तर क्रमांक ०००.

वाट चुकण्याची जागा

वाटा स्पष्ट आहेत, पाट्याही आहेत, पण ढगात पाट्या दिसत नाहीत. रेझरबॅकवरून दक्षिणेला जाताना आधी डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, डायमंटिना स्पर उतरते. ती अतिशय उभी आहे आणि कीवा नदीच्या खोऱ्यात, तुमच्या गाडीच्या अगदी विरुद्ध दिशेला नेते. तुमची बॉन अकॉर्ड पुढे उजवीकडे, पश्चिमेला. डावीकडे उतरायला लागलात तर थांबा आणि परत वर या. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा ठेवा आणि सोबत छापील नकाशा व होकायंत्र घ्या; थंडीत बॅटरी लवकर उतरते.

घरी काय सांगून जायचं

एका जबाबदार माणसाला लेखी द्या: वाट, मुक्काम, गाडीचा क्रमांक, प्रत्येकाचं नाव आणि माघारीच्या दोन्ही वाटा. आणि एक वेळ: "रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर ००० ला फोन करून पोलिसांना कळव." अपेक्षित वेळेपेक्षा तीनेक तास उशिराची वेळ द्या, म्हणजे टायर पंक्चर झाला तरी शोधमोहीम निघणार नाही.

मेलबर्नहून हॅरिएटव्हिल गाडीने चार ते साडेचार तास. पहाटे निघून त्याच दिवशी चढायला लागू नका. आदल्या रात्री ब्राइट किंवा हॅरिएटव्हिलला राहा. उतरल्यावर गाडीजवळ पोहोचलात की पहिला फोन त्या माणसाला. रात्री लगेच परत निघायचं असेल तर गाडी चालवणारे दोघं असावेत आणि वेग बेताचा: अंधार पडला की या रस्त्यावर कांगारू आणि वॉम्बॅट येतात. जमलं तर आणखी एक रात्र ब्राइटलाच काढा.