मुलाच्या बेसबॉल प्रोफाइलवर उंची किती लिहायची?

माझ्या लग्नाच्या बायोडेटात बाबांनी माझी उंची ५ फूट ४ इंच लिहिली होती. मी आहे ५ फूट अडीच इंच. समोरून आलेल्या कागदावर मुलगा ५ फूट ९ होता, पोहे खायला आला तो साडेसात निघाला. दोन्हीकडच्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि लग्न झालं. त्यामुळे इथे न्यू जर्सीत, कॉलेजच्या प्रशिक्षकांनी बघायच्या लेकाच्या बेसबॉल प्रोफाइलवर ‘६ फूट’ टाइप करताना आम्हा दोघांनाही काही वावगं वाटलं नाही.

तो तेव्हा दहावीत होता, पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, उंची ५ फूट साडेदहा. उन्हाळ्यात एका शोकेसला, म्हणजे प्रशिक्षकांसमोर खेळ दाखवायच्या मेळाव्याला गेलो. नोंदणीच्या टेबलाशेजारीच उंची मोजायचा खांब. बूट काढायला लावले आणि आकडा मोठ्याने वाचला. त्या दिवशी त्याचा चेंडू रडार गनवर ताशी ८२ मैल लागला, त्याच्यासाठी तो विक्रमच. परतताना गाडीत गप्प बसला होता. मग म्हणाला, “आई, आता त्यांना ते ८२सुद्धा आपणच फुगवलंय असं वाटेल.”

तेव्हापासून आमच्याकडे मोजायची रीत ठरलेली आहे.

आधी जागा. अमेरिकन घरांत भिंतीच्या तळाशी लाकडी पट्टी असते. तिच्यामुळे टाच भिंतीला टेकत नाही, पोर सरळ उभं राहत नाही आणि आकडा चुकतो. म्हणून दाराची सपाट चौकट घ्या. खाली गालिचा नको. पाय अनवाणी, टाचा जुळलेल्या, नजर समोर. हनुवटी वर केली की फसवणूक सुरू झाली. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक चौकटीला काटकोनात धरा, केस दाबले जाऊ द्या, पेन्सिलीने खूण करा. माप धातूच्या टेपने घ्या. माझी शिवणकामाची टेप इतकी ताणली गेली होती की तिच्यावर कुणाचीच खरी उंची आली नसती. तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा. सेंटिमीटरमध्ये मोजून २.५४ ने भागलं की इंच मिळतात. १७९ सेंटिमीटर म्हणजे साडेसत्तर इंच, आमचे ५ फूट साडेदहा.

मोजायचं संध्याकाळी. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, सकाळची उंची एखादा सेंटिमीटर जास्त भरते. शोकेसमधली मोजणी पोर झोपून उठल्या उठल्या होत नाही.

आता अर्ध्या इंचाचं काय? क्लबमध्ये सगळे वर ढकलतात. मी खाली उतरवते. साडेदहाचे १० लिहिले आणि खांबावर साडेदहा निघाले तर समोरच्याला आनंदच होतो. उलटं झालं की काय होतं ते वर सांगितलंच.

प्रशिक्षक उंचीकडे बघतात त्याला कारण आहे. माउंडपासून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यापासून, बॅटरजवळच्या होम प्लेटचं अंतर ६० फूट ६ इंच. लांब हातापायांचा पिचर चेंडू त्यातला जास्त भाग ओलांडून सोडतो, त्यामुळे बॅटरला वेळ कमी मिळतो. शिवाय उंच, सडपातळ मुलाचं अंग पुढे भरेल, वेग वाढेल, असा हिशेब असतो. त्यासाठी ते आईबापांकडेही एक नजर टाकतात. आमच्याकडे बघून त्यांना काय वाटतं, हा विषय आम्ही घरी काढत नाही.

पण दार बंद होतं असं नाही. होजे अल्तुवेला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोस संघाने व्हेनेझुएलातल्या चाचणीतून बुटका म्हणून घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि २००७ मध्ये १५,००० डॉलरवर करार झाला. २०१७ मध्ये ५ फूट ६ इंचांच्या या माणसाने ६ फूट ७ इंचांच्या ॲरन जजला मागे टाकून अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब मिळवला. पिचर पेद्रो मार्टिनेझ ५ फूट ११, अंगाने किरकोळ. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने १९९३ च्या अखेरीस त्याला माँट्रियलच्या संघाला देऊन टाकलं. त्याने पुढे सर्वोत्तम पिचरला मिळणारे साय यंग पुरस्कार तीनदा घेतले.

आणि एक गंमत. २०२६ पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, पंचाच्या स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं. चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या विरुद्ध. त्या यंत्राची चौकट बॅटरच्या उंचीवरून ठरते: वरची कड उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. म्हणून तिथे खेळाडूंना बूट काढून मोजतात. एक इंच फुगवला तर वरची कड अर्ध्या इंचाहून जास्त वर सरकेल. तिथे बॅटरला उंच दिसण्यात तोटाच.

आधीच फुगवून बसला असाल तर दुरुस्ती एकाच दिवशी, सगळीकडे करा: प्रोफाइल, क्लबची यादी, व्हिडिओची पहिली पाटी, ईमेलची सही. खुलासे देत बसू नका. क्लबची यादी मात्र स्वतः उघडून बघा. आमच्या मुलाला तिथे परस्पर ६ फूट १ करून टाकलं होतं, तेही आम्हाला न विचारता! आकड्याशेजारी महिना आणि ‘अनवाणी’ हा शब्द टाका, दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सर्वात वरच्या गटाच्या प्रशिक्षकांना अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून मुलांशी थेट संपर्क करता येतो, तेव्हा हे सगळं जुलैत उरकलेलं बरं.

गेल्या महिन्यात चौकटीवर ५ फूट ११ ची खूण झाली. सांगलीहून आलेले बाबाही हौसेने तिथे उभे राहिले. मी आकडा सांगितला तर म्हणाले, “पुस्तक जरा जास्तच दाबलंस तू.”