सातभाईंची साद कशी ऐकावी

पुण्यात वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्यांना सातभाई हे थव्याने राहणारे पक्षी माहीत असतात ते त्यांच्या कलकलाटामुळे. पण ऐकण्यासारखं खरं असतं ते कलकलाटाआधीचं पुटपुटणं. पाचोळा उलटून किडे शोधताना थव्यातले पक्षी अधूनमधून एखादा बारीक, करकरीत आवाज काढत राहतात. तुळशीबागेच्या गर्दीत आई मागे न बघता "आहेस ना गं?" विचारते आणि मागून "आहे" येतं, तसंच हे. झाडोऱ्यात एकमेकांना न दिसणारे प्राणी अशा सादेवरच एकत्र राहतात. हत्तींच्या सादेचा काही भाग २० हर्ट्झच्या खाली असतो. तो आपल्या कानांना ऐकू येत नाही, पण काही किलोमीटर पोचतो. सातभाईंची साद मात्र काही पावलांपुरतीच, म्हणून जवळ बसावं लागतं.

आधी जागा ठरवा. उजाडता उजाडता जा आणि गिरिपुष्पाच्या दाट झाडीतून पायवाट जिथे आडवी जाते तिथे बसा. थव्याच्या मागे चालू नका. तो तुमच्याकडे येऊ द्या. पहिली दहा मिनिटं फोन खिशात, डोळे मिटलेले. एवढ्यात किती ठिकाणांहून आवाज येतो ते मोजा.

मग डोळे उघडून ओलांडणं बघा. हा भाग मला सगळ्यात आवडतो. सातभाई मोकळी जागा झुंडीने पार करत नाहीत. एकामागोमाग एक, तरंगत जातात. पलीकडे पोचलेले बोलत राहतात. मागे एखादा राहिला तर त्याचा आवाज चढतो का, पलीकडून उत्तर येतं का, किती वेळाने येतं, हे घड्याळ लावून लिहा. थवा मोजायचीही हीच वेळ. नाव सातभाई असलं तरी दर वेळी सातच भरतील असं नाही.

धोक्याची हाक वेगळी ओळखायला शिका. शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) किंवा मांजर दिसलं की पुटपुटणं तुटतं आणि सगळे एकदम कर्कश ओरडू लागतात. असं झालं तर आपण कुठे बसलोय तेही तपासा. ओरडण्याचं कारण तुम्हीच असाल तर मागे सरका.

रेकॉर्डिंग करायचं तर फोन खाली ठेवून करा, हातात धरलात की कपड्यांची सळसळ येते. ते आवाज थव्याला परत वाजवून दाखवू नका, विशेषतः घरट्याच्या दिवसांत. नसलेल्या सोबत्याला शोधण्यात त्यांचा वेळ आणि ताकद वाया जाते.

सातभाईंची साद ओळखायला जमली की चष्मेवाला या चिमुकल्या पक्ष्याकडे वळा. ते उंच फांद्यांत असतात, आवाज नाजूक, किंचित रडका, आणि सतत. सुरुवातीला कान दमतो.

एकाच जागेच्या दोन नोंदी ठेवा: एक फेब्रुवारीत, गिरिपुष्पाची पानं झडून फुलं आलेली असताना, आणि एक ऑगस्टमध्ये, हातभर पलीकडचा पक्षीही दिसत नाही तेव्हा. दहा मिनिटांत किती सादा आल्या, तेवढाच आकडा दोन्हीकडे लिहा.