वागळे इस्टेटच्या गाळ्यात पावडर कोटिंगचा बूथ: आधी हवेची वाट, मग डबा

माझा पहिला बूथ अकरा दिवस टिकला. पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पावडर गनने धातूवर मारायची आणि ओव्हनमध्ये भाजून पक्की करायची. ज्या डब्यात ती मारतात आणि उडालेली पावडर हवेबरोबर ओढून घेतात, तो बूथ. प्लायवूडचा डबा, मागच्या बाजूला स्वयंपाकघरात लावतात तसला एक्झॉस्ट पंखा आणि पंख्यापुढे एसीच्या फिल्टरचं कापड. पहिल्या दिवशी पंखा छान ओढत होता. तिसऱ्या दिवशी कापड पावडरने भरलं. पंखा गरगरत होता, हवा मात्र जागची हलत नव्हती, आणि मारलेली पावडर उलटी माझ्याच तोंडावर येत होती. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवाल्या काकांच्या चहावर पांढरी साय धरली, तेव्हा ते उठून आले. आधी त्यांनी मेन स्विच पाडला, मग बोलले. "अरे, हा पंखा भजीचा धूर घालवायचा. फिल्टरमधून ओढायची ताकद याच्यात कुठली? आणि मोटर बघ, सरळ पावडरच्या वाटेत बसवलीस. एक ठिणगी पडली तर तुझा गाळा जाईल आणि माझापण."

नवीन कुणी विचारायला आलं की मी हीच गोष्ट आधी सांगतो. लोकांना डबा कसा बनवायचा ते हवं असतं. फॅब्रिकेशन करणाऱ्याला डबा अवघड नसतो. बूथमध्ये बांधायची असते ती हवेची वाट, आणि डबा त्या वाटेभोवती येतो.

आधी स्वतःला विचारा, बूथ खरंच हवा का? मी इलेक्ट्रिक पॅनलचे छोटे बॉक्स आणि ब्रॅकेट बनवतो. बाहेर कोटिंगला दिलं की वीस नगांच्या लॉटला कुणी उभं करत नव्हतं. मोठ्या लॉटच्या मागे लावायचे आणि टेम्पोतून परत येताना निम्म्या बॉक्सचे कोपरे उडालेले असायचे. तुमचा माल महिन्यातून एकदाच निघत असेल, किंवा सगळा एकाच रंगात मोठ्या संख्येने जात असेल, तर बूथच्या नादी लागू नका. बाहेरचंच स्वस्त पडेल.

एमआयडीसी 1962 साली सुरू झाली आणि ठाण्यातली वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. त्यामुळे इथले जुने गाळे कसे असतात ते ठाऊक असेलच: पुढे एक शटर, मागे भिंत, वर पोटमाळा. हवा बाहेर फेकायची तर तितकीच हवा आत यायला हवी, आणि ती शटरखालून येते, रस्त्यावरची धूळ घेऊन. काळ्या रंगावर ती धूळ रव्यासारखी दिसते. म्हणून मी हवा गाळून परत गाळ्यातच सोडायची ठरवली. पण मग एका फिल्टरवर विसंबता येत नाही. कार्ट्रिजनंतर, म्हणजे नळकांड्याच्या आकाराच्या मुख्य फिल्टरनंतर, दुसरा बारीक फिल्टर लागतोच, नाहीतर एखादं कार्ट्रिज फाटल्याचं तुमच्या फुप्फुसालाच आधी कळतं.

आता गणित. ते मी तीन रात्री वहीत केलं, तुम्ही दहा मिनिटांत करा. माझ्या बूथचं तोंड 1.2 मीटर रुंद आणि 1.5 मीटर उंच, म्हणजे 1.8 चौरस मीटर. पावडर बाहेर येऊ नये म्हणून तोंडावर हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास लागतो. गुणाकार केला की सेकंदाला 0.9 घनमीटर, म्हणजे मिनिटाला 54 घनमीटर. ब्लोअरवाल्याला हे सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असं, सांगावं लागतं, तर साधारण 1900. पण नुसतं सीएफएम सांगितलंत तर तो तुम्हाला चुकीचा ब्लोअर देईल. फिल्टर भरल्यावरसुद्धा एवढी हवा ओढायची तर 150 मिलिमीटर पाण्याच्या दाबाला तो टिकला पाहिजे. हे दोन्ही आकडे एकत्र सांगितल्यावर उत्तर आलं: सेंट्रिफ्युगल ब्लोअर, 3 एचपी, थ्री फेज. कुर्ल्याच्या भंगारात अर्ध्या भावात मिळेल या आशेने मी दोन रविवार घालवले. मिळाला, पण इम्पेलर (आतलं फिरणारं पात्यांचं चाक) झिजलेला आणि बॅलन्स गेलेला. शेवटी नवाच घेतला.

ब्लोअर फिल्टरच्या पलीकडे, स्वच्छ हवेच्या बाजूला बसवायचा आणि मोटर हवेच्या प्रवाहाबाहेर ठेवायची. यात तडजोड नाही.

फिल्टरसाठी मी प्लीटेड (घड्या घातलेल्या) पॉलिस्टरची चार कार्ट्रिज घेतली, प्रत्येकी सुमारे 10 चौरस मीटरची. मिनिटाची 54 घनमीटर हवा 40 चौरस मीटरमधून गेली की कापडातून तिचा वेग मिनिटाला 1.35 मीटर येतो, तो चालतो. दोनच कार्ट्रिज लावून पैसे वाचवायचा मोह मला झाला होता. तसं केलं असतं तर वेग दुप्पट झाला असता आणि पावडर कापडात खोल रुतून बसली असती. कार्ट्रिज झटकायला आतून कॉम्प्रेस्ड हवेचा झटका देणारे डायफ्राम व्हॉल्व आणि टायमर लागतो. फिल्टर किती भरलाय हे कळायला महागडं मीटर लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात शाई घातलेलं पाणी भरलं, एक टोक फिल्टरच्या आधी, एक नंतर. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक पट्टीवर वाचायचा. माझ्याकडे नव्या फिल्टरला 35 मिलिमीटर होता.

डब्याचा 18 गेजचा जीपी (जस्ताचा मुलामा असलेला) पत्रा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणला. आतले कोपरे काटकोनात जोडण्याऐवजी बेंडिंगवर गोलाकार वाकवून घेतले, कारण काटकोनात पावडर साचते आणि रंग बदलताना तीच छळते. रिव्हेट, अँगल, पट्ट्या सगळं बाहेरून. ट्यूबलाइटही बाहेर, टफन काचेच्या मागे.

जोड बंद करायला मी काय वापरलं? सिलिकॉन. पुढचे चार दिवस प्रत्येक जॉबवर, म्हणजे रंगवायच्या नगावर, मोहरीएवढे खड्डे पडले, ज्याला फिश आय म्हणतात. कॉम्प्रेसरचं तेल समजून मी लाइन तीनदा धुतली, पावडरवाल्याशी भांडलो, आणि दोषी निघाली माझ्याच हातातली ट्यूब. सिलिकॉनचा अंश असलेला स्प्रे, पॉलिश, सीलंट यांना कोटिंगच्या गाळ्यात थारा देऊ नका. पॉलियुरेथेनचा सीलंट मिळतो, तो वापरा.

पावडर आणण्याआधी बूथ चालू करून तोंडापुढे उदबत्ती फिरवून बघा. ही चाचणी पावडर गाळ्यात यायच्या आधीच करायची, नंतर कधीही नाही. माझ्याकडे सगळीकडून धूर आत जात होता, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात मात्र बाहेर वळत होता. ओढ सगळी खालून होती म्हणून. कार्ट्रिजपुढे एक आडवा पत्रा लावला, वर फट ठेवली, आणि कोपरा सुधारला.

आता काकांच्या ठिणगीकडे येतो. हवेत तरंगणारी बारीक पावडर विशिष्ट दाटीला पेट घेते. बहुतेक पावडरींची ही खालची मर्यादा घनमीटरला साधारण 20 ते 70 ग्रॅमच्या दरम्यान असते, आणि बूथमध्ये 10 ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही असा शिरस्ता आहे. माझी गन मिनिटाला जास्तीत जास्त 150 ग्रॅम टाकते. सगळीच्या सगळी जॉबला न चिकटता हवेत गेली असं धरलं तरी 150 भागिले 54, म्हणजे घनमीटरला 2.8 ग्रॅम. हा हिशोब जमला त्या रात्री मला झोप लागली. पण तो ब्लोअर चालू असेपर्यंतच खरा. म्हणून गनच्या हवेच्या लाइनवर सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व बसवला आणि त्याची वायर ब्लोअरच्या कॉन्टॅक्टरवरून, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवरून, घेतली. ब्लोअर बंद तर गनला हवाच नाही. खर्च किरकोळ आहे, पण वागळेत मी पाहिलेल्या घरगुती बूथांपैकी फार थोड्यांत हा व्हॉल्व असतो.

सांडलेली पावडर एअर गनने उडवायची नाही, ढग तिथेच तयार होतो. घरचा व्हॅक्युम क्लिनरही नको, त्याच्या मोटरच्या ब्रशला ठिणग्या पडतात. मऊ झाडू आणि रबरी वायपर घ्या, सावकाश ओढा. मास्क घालूनच.

दुसरी गोष्ट अर्थिंग. कोरोना गन पावडरला 100 केव्हीपर्यंतचा (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) चार्ज देते, आणि जॉब जमिनीला नीट जोडलेला असेल तरच पावडर त्याच्याकडे धावते. हुकापासून अर्थपर्यंतचा रेझिस्टन्स एक मेगाओहमच्या आत हवा, तो मेगरने (जास्त रेझिस्टन्स मोजायच्या मीटरने) तपासायचा. नव्या माणसाचं अर्थिंग जातं ते हुकावर. तोच हूक चार वेळा ओव्हनमधून गेला की त्याच्यावर कोटिंगची साल चढते, जॉब लटकतो पण जोडलेला नसतो. मग पावडर बसत नाही, पोरगा नॉब फिरवून केव्ही वाढवतो, आणि फिनिश आणखी बिघडते. हूक घासा. जाळा, ठोका, काहीही करा, पण टोक चकचकीत ठेवा. बूथ, ब्लोअर, पावडरचा डबा, सगळ्यांना वेगळी अर्थ वायर. आणि गन धरणाराही जोडलेला पाहिजे: गनची मूठ उघड्या तळव्याने धरा, पायात रबरी स्लिपर नको. मी स्लिपरवर काम करत होतो. कोपर कपाटाच्या कडीला लागलं आणि जो झटका बसला, त्याने स्लिपरचा धडा कायमचा दिला.

बॉक्सच्या आतल्या कोपऱ्यात पावडर जात नाही, ही सगळ्यांचीच तक्रार असते. तिथे केव्ही 40-50 वर आणायचे, हवा कमी करायची आणि कोपरे आधी मारून घ्यायचे. सपाट भाग मग सोपा.

ठाण्याचा पावसाळा वेगळाच विषय आहे. जून ते सप्टेंबर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळ-संध्याकाळ काढलं तरी लाइनमध्ये पाणी येतं आणि पावडरच्या गुठळ्या गनमध्ये अडकतात. नुसत्या मॉइश्चर ट्रॅपवर पहिला पावसाळा काढला, दुसऱ्या वर्षी रेफ्रिजरेटेड ड्रायर घेतला. ब्लोअरनंतरची ही माझी सर्वांत चांगली खरेदी. उन्हाळ्यात उलटं संकट: पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर पावडरचे खोके ठेवले तर मे महिन्यात ती आपोआप घट्ट होते. खाली, सावलीत, पिशवीचं तोंड बांधून ठेवा.

कोटिंगआधी पत्रा धुण्याच्या, म्हणजे डीग्रीजिंग (तेल काढणं) आणि फॉस्फेटिंगच्या (फॉस्फेटचा थर देणं) टाक्या मी गाळ्यात घातल्या नाहीत. अॅसिड आणि फॉस्फेटचं पाणी गटारात सोडता येत नाही, त्याला प्रक्रिया लागते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. माल टाक्या असलेल्याकडे धुवायला जातो, कोरडा होऊन परत येतो. पावसाळ्यात मात्र त्याच दिवशी कोट झाला पाहिजे, रात्रभर राहिला तर सकाळी तांबूस झाक दिसते. बाकी बूथ, ओव्हन यांच्यासाठीही वीजभार आणि परवानग्या काम सुरू करण्याआधी विचारून घ्या.

ओव्हन बूथपासून जितका लांब ठेवता येईल तितका ठेवला. 100 मिलिमीटर रॉकवूल, 12 किलोवॉटचे हीटर, आत हवा फिरवणारा पंखा, तापमान स्थिर ठेवणारा पीआयडी कंट्रोलर. ओव्हनबद्दल एकच सांगतो, कारण यात माझा गिऱ्हाईक गेला. पावडरच्या खोक्यावर 200 अंशाला 10 मिनिटं असं लिहिलेलं असतं. ते तापमान धातूचं असतं. मी दार लावल्यापासून दहा मिनिटं मोजत होतो. दीड मिलिमीटरचा पत्रा त्यात कसाबसा भाजला जायचा, 10 मिलिमीटरचा ब्रॅकेट आतून कच्चाच राहायचा. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. महिन्याभराने गिऱ्हाइकाने फोटो पाठवला: बोल्ट आवळला तिथे कोटिंग अंड्याच्या टरफलासारखं उडालेलं. आता सगळ्यांत जाड जॉबवर थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) बांधतो आणि तो तापला की घड्याळ लावतो. शिवाय प्रत्येक लॉटबरोबर पत्र्याचा एक तुकडा टाकतो. थंड झाल्यावर त्यावरच्या कोटिंगची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतो, 60 ते 80 मध्ये हवी. कोटिंग सुटतं का बघायला ब्लेडने चौकटी पाडून टेप ओढतो. मग एमईकेचा (हे एक सॉल्व्हंट) बोळा घासतो. रंग बोळ्यावर भरभरून उतरला आणि पृष्ठभाग मऊ पडला की लॉट परत ओव्हनमध्ये.

सध्या मी दोनच शेड ठेवतो, आरएएल या रंगक्रमांकांच्या यादीतले 7035 आणि 9005. पॅनलचा राखाडी आणि काळा. राखाडीवरून काळ्यावर यायला बूथ पुसून पाऊण तास लागतो, काळ्यावरून राखाडीवर यायला दोन तास, आणि तरीही पहिल्या तीन बॉक्सवर कुठेतरी एक काळा ठिपका सापडतोच. म्हणून राखाडी सोमवार ते बुधवार, काळा गुरुवारी. शनिवारी बूथ उघडायचा, कार्ट्रिज बाहेर, नळीतलं शाईचं पाणी बदलायचं. परवा तिसरा रंग मागायला एक गिऱ्हाईक आलं होतं, पांढरा, चाळीस नग. त्याला मी बाहेरच्या कोटिंगवाल्याचा नंबर दिला.