सोसायटीच्या भिंतीवर वारली काढायचीय? मग हे वाचा

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत कंपाउंडची भिंत रंगवली होती, तर पहिली गोष्ट, पोस्टर कलर अजिबात नको, आम्ही तेच वापरले आणि जूनच्या पहिल्याच सरीत तारप्याभोवती (वारलींचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाचणारी सगळी मंडळी गटारात वाहून गेली. एक्स्टिरिअर इमल्शनच घ्या, म्हणजे बाहेरच्या भिंतींचा रंग. दिवाळीनंतर भिंत नीट सुकली की पोपडे खरवडा, धुवा, प्रायमर मारा, मग गेरूच्या रंगाचे दोन हात. कमिटीची परवानगी लेखीच घ्या, नंतर कटकट नको.

आधी खडूने काढा. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, सोपं वाटतं पण कंबर जाड झाली की माणूस नाही, पिंप दिसतं. खालचे तीन फूट पोरांना द्या.

आणि काम चालू असताना पोरांना वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे सांगाच, आपल्याच बाजूचे, तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर. बायका लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायच्या ती कला त्यांनी रोज कागदावर, कापडावर काढली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्याकडे एकाने विचारलं, काका, त्यांची कंबर जाड व्हायची का?