उत्तर जर्मनीतल्या खेड्यांत बसने जाऊन पायी भटकायचंय? आधी परतीची बस शोधा

हॅम्बुर्गला राहणारे मराठी मित्र दर उन्हाळ्यात विचारतात, "आई-बाबा आलेत, डोंगर चढवायचा नाही, गाडी नाही, कुठे नेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं: ल्युनेबुर्गर हायडे, म्हणजे हॅम्बुर्गच्या दक्षिणेचं हेदरच्या झुडपांचं माळरान. पण त्यांना मिळालेले बाकीचे सल्ले ऐकले की जीव कासावीस होतो. बूट कोणते, काठी कोणती, फोटो कुठे काढायचे हे सगळे सांगतात. संध्याकाळी त्या खेड्यातून परत कसं यायचं, ते कुणी सांगत नाही. खरी अडचण तिथेच आहे, म्हणून जास्त तेच सांगतो.

जागा आणि दिवस. पहिल्यांदा जाणाऱ्याने उंडेलो–विल्सेडे हीच वाट धरावी. एका बाजूने साधारण 4 किलोमीटर, जवळजवळ सपाट. विल्सेडे गावात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे वाटेवर घोडागाड्या, सायकली आणि पायी चालणारी माणसं एवढीच भेटतात. पुढचा विल्सेडर बेर्ग 169 मीटरचा. आपल्याकडे त्याला टेकाड म्हणतील, पण वायव्य जर्मनीच्या सपाटीत याहून उंच काही नाही, त्यामुळे वरून नजर फार लांब जाते. हेदरचा जांभळा बहर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. तेव्हा शनिवार-रविवारी गर्दी उसळते, मधल्या वारी जा.

तिकीट. डॉइचलांड-टिकट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, लोकल गाड्यांत आणि खेड्यांतल्या बसमध्येही चालतं. झालं.

परतीची बस. हे मात्र सावकाश वाचा.

आपल्याला एसटीची सवय. एक गाडी चुकली तर दुसरी येते, नाहीतर फाट्यावर वडाप मिळतं. इथल्या खेड्यात दुसरी गाडी उद्या सकाळी असू शकते आणि वडाप नावाची गोष्टच नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी परतीची बस ठरवा, मग तिच्यावरून किती चालायचं ते.

या भागातल्या अनेक बस मुळात शाळकरी मुलांसाठी धावतात. वेळापत्रकात वेळेच्या डोक्यावर एक बारीकसं अक्षर असतं, बहुतेकदा एस. खाली तळटिपेत त्याचा अर्थ: फक्त 'शूलटागं', म्हणजे शाळेच्या दिवशी. एफ असेल तर बहुधा फक्त 'फेरियन', म्हणजे सुट्टीत. अक्षरांचे अर्थ जागोजागी बदलतात, म्हणून तळटीप वाचल्याशिवाय कुठल्याही वेळेवर विसंबू नका. रविवारचा रकाना रिकामा असेल तर रविवारी बस नाही, एवढाच त्याचा अर्थ. "एखादी तरी असेलच" हा विचार सोडून द्या.

माझी चूक याच अक्षराने झाली. एप्रिलची सुरुवात होती, शुक्रवार होता. मुलाची हॅम्बुर्गची शाळा चालू होती, म्हणून आज शाळेचा दिवस असं मी गृहीत धरलं आणि आई-बाबांना घेऊन निघालो. पण हायडे हॅम्बुर्गमध्ये नाही, नीडरझाक्सन राज्यात आहे. तिथल्या शाळांना ईस्टरची सुट्टी लागलेली होती. हॅम्बुर्गच्या मुलांना वसंतातली सुट्टी मार्चमध्येच मिळते, हे माहीत असूनही डोक्यात आलं नाही. चार वाजून दहा मिनिटांची बस आलीच नाही. बाबांचा गुडघा दुखरा, वारा बोचरा, रस्त्याला पायवाट नाही. पाच किलोमीटर कडेकडेने चालत पुढचं गाव गाठलं आणि तिथे टॅक्सीची तासभर वाट पाहिली. आई एक शब्द बोलली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून नीडरझाक्सनच्या शाळांच्या सुट्ट्या मी स्वतःच्या कॅलेंडरात लिहून ठेवतो.

दुसरा सापळा 'रूफबुस'. वेळेशेजारी टेलिफोनचं चिन्ह असेल, तर ती बस बोलावल्याशिवाय येत नाही. किती आधी कळवायचं ते तिथेच लिहिलेलं असतं, पुष्कळदा तासभर किंवा जास्त. घरूनच फोन करून ठेवा, हायडेत मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही. थांबा, वेळ, माणसं किती आणि उतरायचं कुठे, एवढं जर्मनमध्ये कागदावर लिहून घेतलं की बोलताना गडबड होत नाही.

तिसरा सापळा नावांचा. उंडेलोशेजारी वेझेल नावाचं छोटं गाव आहे, पण ॲपमध्ये वेझेल टाकलंत तर ऱ्हाइनकाठचं शहर समोर येईल. एगेस्टोर्फही एकाहून जास्त आहेत. ज्या गावचे पाद्री विल्हेल्म बोडे यांनी 1906 मध्ये टोटनग्रुंडची दरी बांधकामापासून वाचवण्यासाठी ती विकत घेण्याची धडपड केली, ते हायडेतलं. आणखी एक हॅनोवरजवळ, डाइस्टर डोंगराच्या पायथ्याशी. आणि थांब्याच्या नावात 'आबत्स्वाइग' दिसलं तर तो फाटा आहे. गाव तिथून बरंच आत असू शकतं.

यातून सुटण्याचा सोपा काळ म्हणजे 15 जुलै ते 15 ऑक्टोबर. तेव्हा हायडे-शटल नावाच्या बस वर्तुळाकार मार्गांवर रोज फिरतात, आणि त्या फुकट असतात. तेव्हा उंडेलोहून निघून विल्सेडे, विल्सेडर बेर्ग करत नीडरहावरबेकला उतरा, साधारण 9 किलोमीटर, आणि तिथून शटल पकडा. कुठल्या वर्तुळाची बस कुठल्या दिशेने जाते ते मात्र आधी बघून ठेवा. एरवी असं आरपार जाऊ नका. उंडेलो हारबुर्ग जिल्ह्यात आहे आणि नीडरहावरबेक हायडेक्राइस जिल्ह्यात, त्यामुळे दुसऱ्या टोकाला तुमची बस नसते. गेलात त्याच वाटेने परत या.

माझा नियम: शेवटच्या बसचा बेत कधीच करायचा नाही, तिच्या आधीचीच धरायची. ॲपमध्ये नेमकी तारीख टाकून बघा, आणि गावात उतरल्याबरोबर समोरच्या बाजूच्या थांब्यावर जाऊन परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. दोन्ही जुळले तरच चालायला लागा.

चाल. वाटा वाळूच्या आहेत आणि घोडागाड्यांनी त्या आणखी भुसभुशीत होतात. ताशी 4 किलोमीटरचा हिशेब इथे चुकतो. वडीलधारे बरोबर असतील तर ताशी 3 धरा. विल्सेडेला बकव्हीटच्या पिठाचा केक मिळतो, तो खाच. पण उपाहारगृहांचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस असतो, म्हणून दशम्या बरोबर हव्यात. रोख पैसेही ठेवा.

वाटेत हाइडश्नुके मेंढ्यांचा कळप दिसला तर पाच मिनिटं थांबा. हे जांभळं माळरान त्यांच्यामुळेच टिकलंय. त्या कोवळी झाडं खुडतात. त्यांनी चरणं सोडलं तर काही वर्षांत इथे बर्च आणि पाइनचं रान माजेल. वाट सोडून आत जाऊ नका, हे राखीव क्षेत्र आहे. घरी गेल्यावर पायांवर गोचिडी चिकटल्यात का ते पाहा.

थांब्यावर दहा मिनिटं आधी पोचा. रस्त्याची बाजू पुन्हा एकदा तपासा. बाकावर मागे बसून राहू नका, चालकाला दिसाल असे कडेला उभे राहा आणि बस दिसली की हात दाखवा.