कुत्रीचे दिवस भरून गेलेत? हे बघा
मेटिंगपासून ६३ दिवस धरतात, पण ५८ ते ७० मध्ये कधीही व्यायली तरी चालतं, म्हणून तारीख उलटली की लगेच घाबरू नका, शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा थर्मामीटरने गुदद्वारातलं टेम्परेचर घ्या. नेहमी १०१-१०२ फॅरनहाइट असतं, ते ९९ च्या खाली आलं की साधारण २४ तासांत कळा सुरू व्हायला हव्यात, नाही झाल्या तर डॉक्टर.

आणि पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवा-काळा स्राव दिसला, किंवा अर्धा तास जोरात कळा देऊनही काहीच बाहेर येत नाहीये, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा. ७० दिवस झाले आणि ती मजेत खातेय तरी सोनोग्राफी कराच, पिल्लांचे ठोके कळतात. मेडिकलमधून ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं इंजेक्शन) आणून घरी अजिबात टोचू नका, पिल्लू अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं.