झाडीतल्या टेकऑफवर पहिले दोन दिवस उडू नका

पॅराग्लायडर (दोऱ्यांचा कापडी पंख) किंवा हँग ग्लायडर (सांगाड्यावर ताणलेला पंख) घेऊन जिथून धावत हवेत निघतात, तो जंगलातल्या डोंगरावरचा टेकऑफ म्हणजे झाडं तोडून पाडलेलं एक खिंडार. दोन्ही बाजूंना झाडांच्या भिंती, पुढे उतार, आणि उतार संपतो तिथेही शेंडेच. मोकळ्या टेकडीवर पॅराग्लायडरने भरपूर उडून मी अशा जागी पहिल्यांदा गेले, तेव्हा सगळं नव्याने शिकावं लागलं.

इथला वारा फसवतो. मुख्य वारा डोंगराच्या मागून येत असला तरी उन्हाने तापलेली हवा समोरचा उतार चढत येते आणि विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, छान समोरचा वारा दाखवतो. त्या भरवशावर निघालात तर शेंड्यांच्या वर पोचताच डोंगरामागून कोसळणाऱ्या रोटरमध्ये, म्हणजे घुसळत्या हवेत, सापडता. म्हणून विंडसॉक बघून झाला की मान वर करा. सर्वांत उंच शेंड्याला बांधलेली फीत बघा, ढग कुठे सरकताहेत ते बघा. खालचं आणि वरचं जुळत नसेल तर पंख पिशवीतून काढूच नका. वारा तिरपा असला तरी तेच, कारण बाजूच्या झाडांवरून घुसळलेली हवा थेट खिंडारात उतरते.

हे वाचून पटतं, पण हाताला कळत नाही. मला ते कळलं हँग ग्लायडरची वायर धरून. तिशीच्या आसपास किलोंचा तो पंख पायलट खांद्यावर पेलतो आणि बाजूच्या वायरी दोघं धरतात. तळहातातली वायर कधी वर ओढते, कधी खाली दाबते, आणि तुम्ही मोठ्याने ‘वर’, ‘खाली’ सांगत राहता. आधी खाली दूरच्या झाडांची पानं उलटतात, फिकट बाजू दिसते, सळसळ उतारावरून चढत येते आणि मग वायर ताणली जाते. पहिला झोका गोंधळलेला असतो, त्यावर कुणी निघत नाही. ओढ संपून वायर हातात नुसती टेकून राहिली की तुम्ही ‘न्यूट्रल’ म्हणता, पायलट ‘क्लिअर’ ओरडतो, तुम्ही वायर सोडून खाली वाकता. दोन दिवस हे करा. पॅराग्लायडरवाल्यांनी तर नक्कीच.

पॅराग्लायडरला एक सवलत आहे: पंख डोक्यावर आणून, नीट बघून, थांबता येतं. हँग ग्लायडर धावत सुटला की थांबवणं फार अवघड. ही सवलत वापरा. उतारावरचा एखादा दगड आधीच ठरवा. तिथपर्यंत पंख सरळ नसेल तर धावणं सोडायचं. दोऱ्या काटक्यांत अडकतात, तेव्हा मांडणीआधी जमीन हाताने साफ करा.

मी एकदा झाडात गेले. निघाल्यावर शेंडे जवळ वाटले आणि वर उचललं जावं म्हणून दोन्ही ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली खेचणाऱ्या दोऱ्या, ओढले. क्षणभर पंख उचलल्यासारखा वाटला, मग वेग गेला आणि मी खाली बसले. तेव्हा ब्रेक सैल ठेवून पंखाला उडू द्यायला हवं होतं. झाड टळणारच नसेल तर दाट पानांच्या झाडाचा मध्य निवडा, पाय जुळवा, तोंड झाका, आणि अडकल्यावर खोडाला धरून स्वतःला बांधून घ्या. हार्नेस, म्हणजे तुम्हाला पंखाशी बांधणारे पट्टे, उघडू नका. झाडावरून उतरताना पडून होणारी इजा अडकण्यापेक्षा वाईट असते. खिशात दात साफ करायच्या दोऱ्याची डबी ठेवा. तो खाली सोडला की मदतीला आलेले लोक त्याला जाड दोर बांधतात, तो वर ओढून घ्यायचा. मी तशीच सुटले. शिट्टीही हवीच.

लँडिंगचं मैदान आदल्या दिवशी पायी फिरून बघा. झाडांच्या आडोशाला आल्यावर वारा एकदम पडतो, तेव्हा वेग राखून या.

पहिलं उड्डाण भर दुपारी नको. जंगल दिवसभराची उष्णता सावकाश सोडतं, त्यामुळे संध्याकाळची हवा बऱ्याचदा मऊ उचलते. मात्र फीत लोंबकळली आणि पाठीला गार वारा लागला, तर हवा उतारावरून खाली सुटली आहे. पंख गुंडाळा आणि चालत उतरा.